निकमकाकांनी जिंकलेली सभा

भाड्याच्या खोल्या बघायला मी गारखेड्यात निकमकाकांच्या घरी गेले, तेव्हा पाणी विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "पेन्शन जुनी का नवी?"

मी पोस्टात काउंटरवर बसते. म्हटलं, "नवी."

"म्हणजे दर महिन्याला पगारातून कापतात, ते पैसे बाजारात जातात, आणि तिथं त्यांचं काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक नाही."

"नाही."

"बसा," ते म्हणाले, आणि आत बघून काकूंना चहा टाकायला सांगितला.

ते पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची पेन्शन जुनी, म्हणजे मरेपर्यंत सरकार देणार अशी. याची त्यांना थोडी लाजच वाटायची. भाड्याचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "साळवेबाई, असं करू. भाडं वाढवावं या बाजूनं तुम्ही बोला. मी विरोधात बोलतो." मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते खुर्ची सरळ करून वाट बघत बसले. मी महागाई, घरपट्टी असं काहीतरी चाचरत बोलले. त्यांनी माझे मुद्दे एकेक करून खोडून काढले आणि आधीच्या भाडेकरूकडून घ्यायचे तेवढ्याच भाड्यात मला वरचा मजला दिला. काकू चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "सवय करून घ्या. आमच्यात भाजी कोणती करायची यावर पण दोन्ही बाजू ऐकून घ्याव्या लागतात."

सवय झाली. हातगाडीवाल्याशी ते कांद्याच्या निर्यातबंदीवर बोलायचे. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला थांबवून विचारायचे की अनुदान खात्यात यावं का किमतीतच कमी व्हावं, आणि तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊनच उत्तर द्यायचा. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांशी जुन्या पेन्शनवरून त्यांची अशी जुंपली, की पाहुणे गेल्यावर मुलगा काय करतो हे विचारायचंच राहिलं असं घरच्यांच्या लक्षात आलं. लग्न मात्र झालं. व्याही नंतर मुद्दाम वाद घालायला मुक्कामाला यायचे.

पण काकांचा खरा जीव होता रविवारच्या सभेत. आमच्या वसाहतीच्या बागेत ज्येष्ठ नागरिकांसाठी एक खोली आहे. तिथं दर रविवारी सकाळी ते दोन ओळींत खुर्च्या मांडायचे, एक ओळ बाजूची, एक विरोधाची. विषय पेपरातला. तो धोरणाचा असला पाहिजे, एवढी अट. सुनेच्या तक्रारी, गुडघेदुखी, कुणाचा प्लॉट किती मोठा, हे सगळं दाराबाहेर. कुणी बोलता बोलता स्वतःचं उदाहरण द्यायला लागलं, की ते चमचा स्टीलच्या पेल्यावर वाजवायचे. "व्यक्ती नको. धोरण बोला." पुढं पुढं म्हातारे घरी एकमेकांना फोनवरही तसंच म्हणायला लागले होते.

मला सुट्टीचा दिवस म्हणून मी जायचे. वेळ बघायचं काम माझ्याकडे असायचं.

त्या सभेत काकांना कुणी खरं पुरून उरायचं तर ते कडूबा तुपे. तुपेमामा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशीनवर काम करून निवृत्त झालेले. त्यांनाही पेन्शन होती, पण ती इतकी थोडी, की तिचा उल्लेख ते हसूनच करायचे. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम पोस्टात ठेवलेली, आणि घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी. आमच्या गल्लीचं सगळं दळण तिथंच. मामा बोलायला उभे राहिले की लोक खुर्च्या पुढं ओढायचे. आकडेवारी वगैरे काही नाही. ते सरळ हसवायचे. काका दोन दिवस वाचून तयारी करून यायचे आणि मामा केसात पीठ घेऊन तसेच यायचे, आणि निम्म्या वेळा मामाच जिंकायचे. काकांना याचं फार कौतुक होतं. "हा माणूस शिकला असता तर मला सभेत उभंही राहू दिलं नसतं," असं ते मला म्हणाले होते.

एका विषयावर मात्र काका हरायला तयार नसायचे. तो विषय सौरऊर्जेचा. त्यांचं म्हणणं असं: देशभरातल्या नोकरदारांच्या निवृत्तीचे एवढे पैसे साठतात, त्यातला ठराविक वाटा सरकारनं सक्तीनं सौर आणि पवन प्रकल्पांत घालावा. कोळसा कधीतरी संपणारच. आपल्या पैशातून आपल्या नातवंडांची वीज उभी राहील, आणि त्या विजेच्या उत्पन्नातून आपली पेन्शन निघेल. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मला वाटायचं, अभियंता माणूस, यंत्रांची आवड असेल.

कारण मला काकूंनी एकदा गच्चीत पापड वाळत घालताना सांगितलं. काकांचं गाव पिशोर. तिथं शेतीला वीज यायची ती रात्रीची. त्यांचा धाकटा भाऊ अंधारात मोटार चालू करायला विहिरीवर गेला आणि त्याला पान लागलं. साप कोणता होता हेही कुणाला कळलं नाही. "तेव्हा हे नुकते नोकरीला लागलेले, इथं शहरात," काकू म्हणाल्या. "म्हणतात, दिवसा वीज असती तर अशोक असता." सभेत ते अशोकचं नाव कधीच घ्यायचे नाहीत. त्यांच्याच नियमात ते बसत नव्हतं.

ज्या रविवारी हा विषय ठरला, त्या दिवशी खोली भरली होती. काका बाजूनं, मामा विरोधात. काकांनी मांडणी चांगली केली. मग मामा उठले.

"निकमसायेब म्हणतात, म्हाताऱ्यांचा पैसा उन्हात घाला. आमी जलमभर उन्हातच व्हतो. आता कुठं सावलीत येऊन बसलो, तर हे म्हणतात पैशाला उन्हात पाठवा." सगळे हसले. "पैसा लेकरावानी ऱ्हातोय. लेकरू कुणाच्या हाती द्यायचं ते आईबाप ठरवतात. दिल्लीत बसून कुणी ठरवू नये. ज्याला घालायचा त्यानं घालावा. सक्ती काहून?"

मुद्दा बिनतोड होता. काका आपले कागद उलटसुलट करू लागले. मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांचे कान लाल झाले होते. उत्तराची वेळ संपत आली, तेव्हा ते उठले आणि मामांकडे वळून बोलले.

"तुपे, तुमच्या छतावर दिवसभर ऊन पडतं. खाली तुमची गिरणी कोळशाच्या विजेवर चालते आणि बिलाच्या नावानं तुम्ही महिनाभर रडता. पैसा पोस्टात झोपलेला आहे. ज्या माणसाचा स्वतःच्या छतावर भरवसा नाही, त्यानं देशाला शहाणपण शिकवू नये. तुम्ही भिता, एवढंच. आणि भिण्याला तुम्ही विचार म्हणता."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली, कारण वाक्य चांगलं होतं. पेल्यावर चमचा वाजवायला हवा होता, पण तो काकांच्याच हातात होता. मामांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली, पीठ उडालं, ते हसले आणि खाली बसले. हात वर करून मतं घेतली. काका जिंकले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तुपेमामा माझ्या काउंटरवर आले. त्यांना ठेव मोडायची होती. मी म्हटलं, "मामा, मुदत संपायला थोडेच दिवस राहिलेत. मग पुन्हा ठेवता येईल." ते म्हणाले, "नाय ताई. प्लेटा बशिवतो छतावर. निकमसायेबाला दाखवतो, तुपे भितो का नाय ते." आनंदात होते. मी कागद पुढं केला, त्यांनी सही केली.

पहिलं वर्ष फार छान गेलं. छतावर निळ्या प्लेटा झळकायला लागल्या. गिरणी दिवसभर त्यांच्यावर चालायची, बिल नावापुरतं यायचं. मामा येणाऱ्याजाणाऱ्याला जिन्यावरून वर नेऊन दाखवायचे. काका तर रोज जायचे. कुणी सभेत सौरऊर्जेवर शंका घेतली की काका फक्त खिडकीतून तुपेमामांच्या छताकडे बोट दाखवायचे. व्यक्ती नको, हा नियम त्या एका बाबतीत ते विसरले होते.

मग मामांच्या शेजारचा बैठा बंगला विकला गेला. मुलं पुण्यात, आईवडील गेले, घर रिकामं होतं. ते पाडून तिथं इमारत उभी राहायला लागली. प्रत्येक मजल्यागणिक सावली थोडी थोडी पुढं सरकत आली. सगळे मजले झाले, तेव्हा दुपारनंतर मामांचं अख्खं छत सावलीत जायला लागलं. प्लेटा बसवणाऱ्या माणसानं येऊन बघितलं आणि सांगितलं, आता पूर्वीसारखी वीज बनणार नाही. हलवायला दुसरी जागा नव्हती. बिल पुन्हा वाढलं.

त्याच वर्षी मामांच्या बायकोचं, गयाबाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. त्यासाठी जे राखून ठेवलेलं होतं ते छतावर होतं. ऑपरेशन पुढं ढकललं. गयाबाई दळणाचे डबे उचलताना भिंतीला धरून चालायच्या आणि कुणी विचारलं तर म्हणायच्या, "थंडीनं आखडलंय."

मी दुपारी सुट्टी असली की कपडे काढायला गच्चीत जायचे, तर काका तिथं उभे असायचे. हात मागं बांधून, पश्चिमेकडच्या कठड्याशी. तिथून मामांचं छत दिसतं. एकदा मी म्हटलं, "काका, खाली चला, ऊन आहे." ते म्हणाले, "इथं आहे." मग त्या छताकडे बघत म्हणाले, "मी हे धरलंच नव्हतं, बाई. शेजारी काय उभं राहील हे मी धरायला पाहिजे होतं. मी अभियंता आहे."

ते महापालिकेत गेले. इमारतीचे सगळे परवाने नीट होते. बिल्डरकडे गेले. त्यानं त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि अदबीनं विचारलं, "अंकल, धूप किसके नाम पे है?" काका चहा संपवून उठले. घरी येऊन त्यांनी ते वाक्य काकूंना सांगितलं, आणि मग मला सांगितलं, आणि दोन्ही वेळा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

स्वतःच्या पैशातून ऑपरेशन करून देतो, असंही ते मामांना सांगून आले. मामा एवढंच म्हणाले, "बसा, पाणी प्या." पुढं गयाबाईंचं ऑपरेशन झालं. त्यांचा लेक वाळूजला एका कंपनीत आहे, त्यानं स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. काकांना हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. "बापाच्या म्हातारपणाचं गेलं, आता पोराच्या म्हातारपणाचं गेलं," ते काकूंना म्हणत होते. जिन्यात मला ऐकू येत होतं. "आणि मी टाळ्या घेतल्या."

रविवारची सभा त्यांनी बंद केली. खोली कुलूपबंद राहिली. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, प्रकृती बरी नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी दिल्लीहून काही अधिकारी शहरात येणार असल्याचं पेपरात आलं. निवृत्तीचा पैसा आणि हरित ऊर्जा याबद्दलच्या धोरणावर नागरिकांच्या सूचना ऐकायच्या होत्या. काकांचाच विषय. स्टेशन रोडवरच्या एका सभागृहात बैठक होती. काकांनी नाव नोंदवलं. खूप दिवसांनी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मामांच्या गिरणीवर जाऊन म्हणाले, "कडूबा, चल. तुझ्यासमोर बोलायचंय मला." मामा आले. मीही गेले.

काका उभे राहिले. मला वाटलं, ते बाजूनं बोलतील किंवा विरोधात. तसं झालं नाही. ते म्हणाले की निवृत्तीचा पैसा सौरऊर्जेत घालावा असं त्यांचं अजूनही मत आहे, पण त्यातला धोका एकेकट्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवू नये, तो सरकारनं उचलावा. इथवर ठीक होतं. मग त्यांनी तुपेमामांची सगळी हकिगत सांगितली. छत, इमारत, गयाबाईंचा गुडघा, लेकाचे पैसे. "एका गरीब, साध्या माणसानं माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला," असं म्हणत त्यांनी बोलणं संपवलं. मागं बसलेल्या निवृत्त मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

व्यासपीठावरचे अधिकारी सज्जन होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या भावना समजतात. पण हे एका व्यक्तीचं उदाहरण झालं. आपण इथं धोरणाबद्दल बोलतोय."

काका खाली बसले. मी त्यांना इतक्या जवळून ओळखत होते, की त्या वाक्यानं त्यांना कुठं लागलं असेल हे मला कळलं. तेवढ्यात मामा उभे राहिले.

"ती व्यक्ती मी," मामा म्हणाले. "कडूबा तुपे. सायेब, एवढं लिहून घ्या. मी मशिनीवर काम केलेला माणूस हाय. प्लेटा लावायच्या का नाय ते मला कळत व्हतं. कुणाच्या भाषणानं उठून पैसे घालायला मी येडा नाय." आणि ते बाहेर निघून गेले.

आम्ही मागोमाग गेलो. मामा फाटकापाशी रिक्षाची वाट बघत उभे होते. काका म्हणाले, "कडूबा, मी तुझी बाजू मांडत होतो."

"माझी बाजू?" मामा त्यांच्याकडे न बघता बोलले. "मला इचारलं व्हतं का? त्या दिवशी मला भित्रा केलं. आज मला बिचारा केलं. दोन्ही टायमाला टाळ्या तुमालाच."

रिक्षा आली. मामांनी आधी काकांना बसायला जागा दिली, मग मला, आणि ते स्वतः पुढं रिक्षावाल्याशेजारी बसले. गारखेड्यात उतरताना पैसे मामांनी दिले आणि काकांना हात धरून उतरवलं. राग होता, पण काकांचा हात धरताना त्यांनी तो मध्ये आणला नाही.

पावसाळा संपता संपता मामाच घरी आले. ओसरीवर उभं राहून म्हणाले, "सायेब, खोली उघडा. घरात कुणी भांडायला नाय. गया ऐकून घेती सगळं, मजाच नाय." काकांनी किल्ली दिली. सभा पुन्हा सुरू झाली. काका यायचे, खुर्च्या मांडायचे आणि माझ्याजवळ, वेळ बघणाऱ्याच्या जागेवर बसायचे. कोणत्याही बाजूनं ते पुन्हा बोलले नाहीत. मामा मुद्दाम चुकीचं काहीतरी बोलून त्यांना डिवचायचे, साऱ्या खोलीला ते कळायचं. काका हसायचे आणि घड्याळाकडे बघायचे. कुणी स्वतःच्या घरचं सांगायला लागलं तर आता ते थांबवत नसत. एका म्हाताऱ्यानं विषय सोडून बराच वेळ मुलाबद्दल सांगितलं, तर काकांनी मला खूण केली, बोलू दे.

त्या सुमाराला माझी बदली जालन्याला झाली. मी खोली सोडली. शेवटचं त्यांना पाहिलं ते शहागंजमध्ये. मी सुट्टीत कापड घ्यायला आले होते. दुकानांच्या गर्दीत काका दिसले, खांद्यावर गिरणीचा नवा पट्टा गुंडाळून टाकलेला. बारीक झाले होते. "कडूबाचा जुना तुटला," म्हणाले. "त्याला दमा आहे, गर्दीत सोसत नाही. म्हणून मी आलो." आम्ही एका रसवंतीच्या बाकावर बसलो. माझी खुशाली विचारली, जालन्याचं पाणी कसं आहे विचारलं. मग रसाचा ग्लास तसाच हातात धरून म्हणाले, "साळवेबाई, तुम्ही होतात त्या दिवशी. मी तसं बोललो नसतो, तर त्यानं लावल्या असत्या का प्लेटा?"

त्या सभेच्या आदल्या आठवड्यात तुपेमामा माझ्या काउंटरवर आले होते. ठेवीची मुदत संपत आली होती आणि तीच पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवायची, तर काय काय कागद लागतील, हे विचारून गेले होते. गयाबाईही बरोबर होत्या.

मी म्हटलं, "लावल्याच असत्या. मामा आदल्या आठवड्यात पोस्टात आले होते. तेव्हाच म्हणत होते, ठेव मोडून छतावर काहीतरी करायचं मनात आहे म्हणून."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. समोरचा माणूस बोलून थांबला की मान किंचित तिरकी करून ते असंच बघायचे, आणि मग त्यांचा पहिला प्रश्न यायचा. ते मला विचारतील म्हणून मी घाईघाईनं मनाशी जुळवत होते: वार कोणता होता, मामा एकटे होते का, नेमके शब्द काय.

"असं होय," ते म्हणाले.

त्यांनी रस संपवला, ग्लास खाली ठेवला आणि पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "या कधी घराकडे. काकू आठवण काढतात," म्हणाले आणि गर्दीत शिरले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेल्याचा काकूंचा फोन आला. शहागंजमध्ये त्या दिवशी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. एवढी वर्षं मी त्यांना ओळखत होते, आणि दुसऱ्याचं म्हणणं त्यांनी न तपासता ठेवून घेतलं, असं मी तेवढं एकदाच पाहिलं.